सव्वीस वर्षं टिकला तो बांध हा नव्हे

पुण्यात राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, म्हणून सारांश देतो. नाव-गाव अर्थातच गाळलं आहे.

ताईंच्या वडिलांनी १९९९ साली सह्याद्रीच्या पायथ्याशी, स्वतःच्या जमिनीतून जाणाऱ्या ओढ्यावर मातीचा बांध घातला. उंची साधारण सात मीटर, लांबी सव्वाशे मीटर. मागे पावणेचार एकरांत पाणी साठतं आणि शंभरेक एकर डोंगरउताराचं पाणी त्यात उतरतं. नकाशा नाही, फक्त खर्चाची वही आहे. वडील पाच वर्षांपूर्वी गेले. आता धाकटा भाऊ तिथे कृषी पर्यटन केंद्र चालवतो. होडी आहे, गळ टाकून मासे धरता येतात, पावसाळ्यात पुण्या-मुंबईहून सहली येतात. सातबारावर दोघांचीही नावं आहेत.

तळं भरलं की जादा पाणी बाहेर जावं म्हणून वडिलांनी ठेवलेली वाट, म्हणजे सांडवा, सहा मीटर रुंद होता. तीन वर्षांपूर्वी भावाने त्याचा अर्धा भाग भरून बसायला चौथरा केला. होडीला पाणी पुरावं म्हणून सांडव्याचा उंबरठा काँक्रीट टाकून अर्धा मीटर उचलला आणि कटला-रोहू वाहून जाऊ नयेत म्हणून लोखंडी जाळी बसवली. दोन वर्षांपासून बांधाच्या पायथ्याशी, उजव्या अंगाला ओल दिसते आणि एप्रिलातही तिथे लव्हाळा हिरवागार असतो. बांधातून जाणाऱ्या सिमेंटच्या पाइपचा व्हॉल्व्ह गंजून बसला आहे. बांधावर झाडी माजली आहे, त्यात वडिलांच्या हातचा एक वडही आहे. बांधाच्या खालच्या सपाटीवर पर्यटकांचे सहा तंबू आहेत आणि अर्ध्या किलोमीटरवर, ओढ्याच्या काठाला, कातकरी वस्तीची चौदा घरं. गेल्या जुलैत एका रात्री पाणी बांधाच्या माथ्यापासून हातभर खाली होतं, असं तिथल्या गड्याने ताईंना सांगितलं.

भावाचं म्हणणं असं: "सव्वीस वर्षं बांध उभा आहे. बाबांनी बांधलाय. तू पुण्यात बसून घाबरतेस. सरकारी माणूस आणलास तर तो बेकायदा ठरवून फोडायला लावेल, आणि मग गावच्या विहिरी आटल्या की शिव्या आपल्यालाच." ताई विचारतात: "मी उगाच घाबरते आहे का? बांध फोडून टाक असं भावाला सांगू, की त्याच्यावर विश्वास ठेवून गप्प बसू? तसं पाहिलं तर मी नावापुरतीच मालक."

*

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो. माझ्या नोकरीची बरीच वर्षं लहान तलावांवर गेली, त्यामुळे ही सवय सुटत नाही. पण आकड्यांकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण ती उत्तर संपेपर्यंत थांबू शकत नाही. बांधाखालचे ते सहा तंबू आज हलवायला सांगा. पत्रात तुम्ही त्यांच्याबद्दल एकच ओळ लिहून पुढे गेला आहात. मला मात्र सगळ्या पत्रात त्या ओळीनेच जास्त अस्वस्थ केलं. पावसाला अजून दीड महिना आहे, हे मला ठाऊक आहे. पण पायथ्याशी पाझरत असलेला बांध फुटायला पाऊसच लागतो असं नाही. आतून माती वाहून जात असेल तर तो लख्ख उन्हातही जातो. तंबूत झोपलेल्या माणसाला आपल्या डोक्यावर काय आहे हे माहीत नसतं. तो पैसे भरून, तुमच्यावर विसंबून तिथे झोपलेला असतो. तंबू वरच्या अंगाला, तळ्याच्या काठाच्या उंचावर लावता येतात. यासाठी इंजिनिअर लागत नाही, परवानगी लागत नाही, पैसेही फारसे लागत नाहीत. भावाशी बाकी कशावरही एकमत झालं नाही तरी एवढं करून घ्या.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. पण तुमच्या पत्रात भावाचं एक वाक्य जसंच्या तसं स्वीकारलेलं दिसतं. "सव्वीस वर्षं बांध उभा आहे" यावर तुमच्याकडे उत्तर नाही असं तुम्हाला वाटतं. उत्तर तुमच्याच पत्रात आहे. सांडवा भरला तीन वर्षांपूर्वी. जाळी आली तेव्हाच. ओल दिसायला लागली दोन वर्षांपूर्वी. म्हणजे सव्वीसातली तेवीस वर्षं जो बांध उभा राहिला तो वेगळा होता. त्याचा सांडवा मोकळा होता, पाण्याची पातळी अर्धा मीटर खाली होती, झाडं रोपटी होती आणि व्हॉल्व्ह फिरत होता. तो बांध टिकला, हे खरं. आज तिथे जो उभा आहे त्याला मोठ्या पुराची परीक्षा द्यायची वेळ अजून आलेली नाही. गेल्या जुलैतल्या त्या रात्री कदाचित ती जवळ आली होती, आणि पाणी हातभर खाली राहिलं.

हे नुसतं बोलणं वाटू नये म्हणून हिशोब मांडतो. सांडव्यावरून किती पाणी जाईल हे त्याच्या रुंदीवर ठरतं आणि उंबरठ्यावर पाण्याची किती जाडी चढते त्यावर ठरतं. जाडीचा परिणाम रुंदीपेक्षाही जास्त. तुमच्या वडिलांचा सहा मीटरचा सांडवा उंबरठ्यावर एक मीटर पाणी चढलं की सेकंदाला सुमारे दहा घनमीटर पाणी बाहेर काढत होता. आता रुंदी तीन मीटर झाली आणि उंबरठा अर्धा मीटर वर आला. त्याच पाण्याच्या पातळीला हा सांडवा सेकंदाला दोन घनमीटरही काढत नाही. तेही जाळी स्वच्छ असेल तर. जुलैच्या पहिल्या लोंढ्याबरोबर पालापाचोळा, काटक्या, प्लॅस्टिक येतं, तेव्हा जाळी हळूहळू भिंत होते. दुसरी बाजू पाहा. तासाभरात शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर हवामान खातं त्याला ढगफुटी म्हणतं. शंभर एकरांवर असा पाऊस तासभर पडला तर पाणी होतं चाळीस हजार घनमीटर, म्हणजे सेकंदाला अकरा. त्यातलं काही मुरेल हे खरं, पण जुलैत डोंगर आधीच भिजून चिंब असतो, मुरायला फारशी जागा उरत नाही. आणि पाऊस निम्मा धरला तरी सेकंदाला साडेपाच घनमीटर येणार आणि दोन जाणार. उरलेलं पाणी तळ्यात चढत राहणार. आपल्याकडे याहून मोठे पाऊस होऊन गेले आहेत. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, तो अजून सगळ्यांच्या लक्षात आहे.

तुमच्या वडिलांनी नकाशा काढला नसेल, पण सांडवा मात्र विचार करून ठेवला होता. भावाला हे जरूर सांगा. बाबांचा बांध राखायचा असेल तर त्यांचा सांडवा आधी राखावा लागेल.

पाणी चढत राहिलं तर पुढे काय, हेही लिहितो. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणावरून थोडा वेळ पाणी गेलं तर ते बहुधा सोसतं. मातीच्या बांधाला ते सोसत नाही. माथ्यावरून गेलेलं पाणी खालच्या अंगाच्या उताराची माती खरवडतं, घळ पडते, घळ मागे सरकत माथ्याला येते, आणि मग तळं त्या घळीतून निघून जातं. तुमच्या तळ्यात सरासरी तीन मीटर खोली धरली तर साडेचार कोटी लिटर पाणी आहे. दहा हजार लिटरचे साडेचार हजार टँकर. ते एकदम त्या वस्तीच्या दिशेने निघाले तर चौदा घरांचं काय होईल, हे मी लिहायची गरज नाही.

लहान खासगी तळ्यांबद्दल बोलताना मला नेहमी अमेरिकेतलं साउथ फोर्क धरण आठवतं. ते तुमच्या बांधापेक्षा तिपटीने उंच होतं, पण गोष्ट इतकी सारखी आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही. पेनसिल्वेनिया राज्याने कालव्याला पाणी देण्यासाठी ते मातीचं धरण बांधलं, १८५३ साली पूर्ण झालं. पुढे रेल्वे आली, कालव्याची गरज संपली, धरण विकलं गेलं. मधल्या एका मालकाने तळातून पाणी सोडायचे लोखंडी पाइप काढून भंगारात विकले. १८७९ मध्ये ते मासेमारी आणि शिकारीच्या एका क्लबाकडे आलं. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक असे बडे उद्योगपती त्याचे सभासद होते. क्लबाने घोडागाड्यांना वाट रुंद व्हावी म्हणून धरणाचा माथा उतरवला, आणि तळ्यात सोडलेले महागडे मासे पळू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. पाइप कुणी परत बसवले नाहीत. खाली चौदा मैलांवर जॉन्सटाउन हे कामगारांचं शहर होतं. तिथल्या लोखंडाच्या कारखान्याचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० मध्ये आपला इंजिनिअर पाठवून धरण तपासून घेतलं, दोष कळवले. क्लबाचं उत्तर आलं की तुमच्या माणसांना आमच्या उद्योगापासून काहीही धोका नाही. ३१ मे १८८९ ला मुसळधार पाऊस झाला. माणसं जाळ्यांत अडकलेला पालापाचोळा काढत होती, माथ्यावर माती टाकत होती. दुपारी धरण गेलं. २,२०९ माणसं मेली.

या गोष्टीतला एक भाग मला फार लागतो. त्या दिवशी तारेने इशारे गेले होते. पण धरण फुटणार ही आवई दर वर्षी उठायची, म्हणून लोकांनी मनावर घेतलं नाही. याकडे पुन्हा येतो.

आता पायथ्याशी असलेल्या ओलीबद्दल. मातीचा बांध थोडाफार पाझरतोच. पाझर दिसला म्हणजे बांध गेला, असं समजू नका. बघायचं असतं ते पाझराचं वागणं. पाणी नितळ आहे की गढूळ? प्रमाण तितकंच राहतंय की महिन्यागणिक वाढतंय? तळं भरल्यावर वाढून उन्हाळ्यात कमी होतं का? ओल एकाच जागी उकळीसारखी बुडबुडते का, तिच्याभोवती बारीक मातीचं कडं साचतं का? नितळ पाणी नुसतं पाणी घेऊन जातं. गढूळ पाणी बांध घेऊन जातं. आत बारीक बोगदा कोरला जात असतो, बाहेरून महिनोन् महिने काही दिसत नाही, आणि शेवटचा भाग तासा-दोन तासांत उरकतो. बांधातून जाणारा पाइप ही अशा बोगद्याची आवडती वाट, कारण पाइपच्या अंगाला माती नीट दाबली जात नाही. तुमच्या बांधात ओल उजवीकडे आहे आणि पाइप कुठून जातो ते पत्रात नाही. तो उजवीकडूनच जात असेल तर काळजी दुपटीने करा.

यात लोक हमखास एक चूक करतात, आणि ती चांगल्या हेतूने करतात. गळती दिसली की त्यावर चिकणमाती, सिमेंट किंवा ताडपत्री टाकून बुजवायला जातात. खालच्या अंगाने गळती बुजवली की आतला दाब वाढतो आणि पाणी दुसरीकडून, अधिक जोराने बाहेर येतं. योग्य रीत उलटी आहे. पाण्याला येऊ द्यायचं, माती अडवायची. त्यासाठी ओलीच्या जागी आधी स्वच्छ जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर जाड खडी आणि वर दगड, असे थर देतात. त्याला उलटी गाळणी म्हणतात. कुठल्या जाडीची वाळू, किती थर, हे मातीवर ठरतं, म्हणून तेवढ्यापुरता तरी जाणकार माणूस हवा. भावाने गडी लावून तिथे परस्पर भर टाकली नसेल ना, हे विचारून घ्या.

झाडांचंही असंच. बांधावर गवत हवं, झाड नको. मुळं आत जातात, झाड वाळलं की कुजतात, आणि त्यांच्या जागी नळ्या राहतात. वाढलेल्या झाडीत उंदीर-घुशींची बिळं, खेकड्यांची भोकं दिसतही नाहीत. मनगटापेक्षा बारीक असलेली झुडपं आत्ताच कापून टाका. मोठी झाडं मात्र जेसीबी लावून बुंध्यासकट उपटू नका, त्या खड्ड्यातूनच पाणी वाट काढेल. ती कधी आणि कशी काढायची, खड्डा कशाने आणि किती दाबून भरायचा, ते इंजिनिअरला ठरवू द्या. झाड तोडायला परवानगी लागते का, हे वनखात्यात आधी विचारा. बाबांच्या वडाचा उल्लेख तुम्ही पत्रात दोनदा केला आहे, म्हणून तुमच्या मनातलं ओळखू शकतो. वडाची मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडाशी लावली तर जगते. बांधापासून लांब, तळ्याच्या वरच्या अंगाला लावा. झाड तेच राहील, जागा बदलेल.

तुम्ही दोनच वाटा मांडल्या आहेत: बांध फोडायचा किंवा गप्प बसायचं. मला त्या दोन्ही पटत नाहीत. गप्प बसणं का नाही, ते वर आलंच. फोडणंही घाईने करू नका. भावाचा विहिरींचा मुद्दा खरा आहे. अशा बांधाच्या खालच्या अंगाच्या विहिरींना पाझराचं पाणी मिळतं, आणि मे महिन्यात बांध रिकामा केला तर त्याचा त्रास सगळ्यात आधी त्या वस्तीलाच होईल. शिवाय भिजलेला बांध झपाट्याने रिकामा केला तर आतल्या बाजूचा उतार घसरतो, कारण बाहेरचं पाणी गेलं तरी मातीतलं पाणी आतच असतं. पाणी उतरवायचंच तर दिवसाला फूटभर, त्याहून घाई नको.

माझ्या मते मधली वाट अशी. या पावसाळ्यापुरतं तरी तळं पूर्ण भरू द्यायचं नाही. जाळी काढा, आजच काढता येईल. मासे गेले तर गेले, पुढच्या वर्षी बीज सोडता येतं. मग उंबरठ्यावरचं अर्धा मीटर काँक्रीट आणि चौथरा फोडून सांडवा बाबांनी ठेवला होता तसा मोकळा करा. हे काम मे महिन्यात, पाणी उंबरठ्याच्या खाली असताना सोपं असतं. सांडव्यातून गेलेलं पाणी बांधाच्या पायथ्याला घासत जात नाही ना, थेट ओढ्याला लागतं ना, तेही पाहून घ्या. एवढ्याने पुराचा धोका पुष्कळ उतरेल. पाझराचा आणि पाइपचा प्रश्न राहीलच. जाणकार माणूस तपासून जाईपर्यंत पाणी बाबांच्या जुन्या पातळीच्याही दीड-दोन मीटर खाली ठेवावं असं मला वाटतं. व्हॉल्व्ह बंद असल्यामुळे त्यासाठी पंप किंवा सायफन लागेल. विहिरींना तेवढं पाणी बहुधा पुरेल, होडीला पुरणार नाही. एका हंगामाचं होडीचं उत्पन्न बुडेल, हे लपवत नाही. आणि तपासणीअंती तो म्हणाला की दुरुस्तीचा खर्च झेपणारा नाही, तर बांधाची उंचीच कायमची कमी करणं किंवा रीतसर, आखणी करून तो उघडणं, हेही पर्याय आहेत. उंची कमी केलेलं लहान तळंही तळंच असतं.

हा जाणकार माणूस कुठे मिळेल? जलसंपदा किंवा जलसंधारण खात्यातून निवृत्त झालेले, मातीच्या धरणांवर काम केलेले इंजिनिअर पुण्यात पुष्कळ आहेत. घर बांधणारा इंजिनिअर चालणार नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागात माती तपासून मिळते. त्याला हाक मारण्याआधी एक काम तुम्ही दोघं करू शकता. गवंडी वापरतो ती पाण्याची पारदर्शक लेव्हल ट्यूब घ्या आणि बांधाचा माथा दर दहा मीटरवर मोजा. भराव वर्षानुवर्षं दबतो, आणि तो बहुतेक मध्यभागी, जिथे उंची सगळ्यात जास्त तिथे दबतो. साउथ फोर्कलाही माथा मधोमध खाली होता. पाणी माथ्यापासून हातभर खाली होतं असं गड्याने सांगितलं, ते कुठल्या जागी? कडेला हातभर असेल, तर मध्यावर किती होतं?

कायद्याच्या भीतीबद्दल थोडं. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात पंधरा मीटरपेक्षा उंच धरणं येतात, आणि दहा ते पंधरा मीटरमधली काही ठरावीक निकषांत बसणारी. तुमचा बांध त्यात बसत नाही. याचा अर्थ त्याच्यावर कुणाची नजर नाही, इतकाच. भावाची भीती अगदीच निराधार नाही, कारण जमीन महसूल संहितेप्रमाणे ओढे-नाले सरकारच्या मालकीचे असतात, आणि १९९९ ला परवानगी घेतली होती का, हे वहीत शोधावं लागेल. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहा. इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाने बांधलेल्या तळ्याचं पाणी शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरलं. मालकाला खाली जुनी विवरं आहेत हे माहीत नव्हतं, चूक त्याने नेमलेल्या माणसांची होती, तरी १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, त्यालाच जबाबदार धरलं. ज्याने आपल्या सोयीसाठी जमिनीत पाणी साठवलं, ते निसटलं तर भरपाई त्याने द्यायची. आपल्याकडे १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या शेवटच्या अपिलाच्या न्यायालयाने, मद्रास इलाख्यातल्या एका जमीनदाराला अशा प्रकरणात सोडलं, पण का? त्याचे तलाव पिढ्यान्‌पिढ्यांचे, रयतेच्या शेतीसाठी राखलेले होते आणि निष्काळजीपणा दिसला नव्हता. होडी आणि मासेमारीच्या तळ्याला ती ढाल मिळेल असं मला वाटत नाही. आणि पाझर दिसूनही, बहिणीने सांगूनही काही केलं नाही, हे पुढे आलं तर निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करावा लागणार नाही. वकिलाकडे जाल तेव्हा हे दोन्ही निकाल त्याच्यासमोर ठेवा. आणि तुम्ही "नावापुरती मालक" म्हणालात ना, सातबारावरचं नाव पुरतं.

सरकारी नजर असूनही काय होतं, हे २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवऱ्याला दिसलं. तेही मातीचंच धरण होतं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसं गेली. खेकड्यांवर खापर फोडलं गेलं. बिळं पडतात हे खरं आहे, पण पडलेलं बीळ वेळीच बुजवायला कुणीतरी माणूस तिथे फिरत असावा लागतो. म्हणून तुमच्या बांधावर फिरणारा माणूस नेमा. जो गडी तुम्हाला जुलैतली गोष्ट सांगतो त्याच्याइतका योग्य दुसरा कोण असेल? पाण्यात एक खांब रोवून त्यावर वीतवीत अंतरावर पट्टे रंगवा. तो रोज पातळी, पाऊस आणि पाझर एका वहीत लिहील. त्याला या कामाचा वेगळा पगार द्या.

वस्तीबद्दल लिहायचं राहिलं होतं. त्या चौदा घरांना यातलं काही माहीत आहे का? पत्रावरून वाटत नाही. तुम्हा बहीण-भावात चर्चा चालली आहे, आणि जे खाली राहतात ते त्यात कुठेच नाहीत. स्वतः जा, भावाला घेऊन जा. "घाबरू नका" असं सांगायला जाऊ नका, जे आहे ते सांगा. पाणी खांबावरच्या अमुक पट्ट्याला टेकलं, किंवा पाझर गढूळ झाला, की रात्र असो दिवस असो, सगळ्यांनी वरच्या अमुक टेपाडावर जायचं, हे पावसाआधी ठरवा. ती वाट एकदा सगळ्यांनी मिळून चालून पाहा, म्हाताऱ्या माणसांसकट. पट्टा आधीच ठरलेला असला की "यंदाही काही होणार नाही" म्हणायला जागा राहत नाही. जॉन्सटाउनला असा पट्टा नव्हता, फक्त दर वर्षीची आवई होती. प्रत्येक घरातल्या एकाचा तरी फोन नंबर गड्याकडे असू द्या. रेंज जात असेल तर थाळी, शिट्टी, भोंगा, काहीतरी एक ठरवा. ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना लेखी कळवा. अडचण आलीच तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे.

भाऊ ऐकेल का, हा तुमचा खरा प्रश्न आहे, हे मला कळतं. तुम्ही आजवर त्याच्याशी बांधाबद्दल वाद घातलात फोनवरून, आणि फोनवर तो तुमच्या भीतीशी बोलतो, बांधाशी नाही. येत्या रविवारी तिथे जा. सकाळी लवकर, ऊन चढण्याआधी, दोघं मिळून बांधाच्या पायथ्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चाला. त्याला काही पटवायला जाऊ नका. वरून तळं दिसतं, होडी दिसते, पाहुणे दिसतात, म्हणून बहुतेक मालक वरूनच फिरतात. तुमच्या भावाने गेल्या दोन वर्षांत पायथ्याने पूर्ण फेरी मारली आहे का, मला शंका आहे. ओलीच्या जागी थांबा. पाणी वाहत असेल तर पारदर्शक काचेची स्वच्छ बाटली तिथे लावा, भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहा. मग तिला झाकण लावा, हलवू नका, घरी नेऊन खिडकीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तळाशी काय साचलं ते दोघांनी पाहा. पंधरा दिवसांनी पुन्हा, त्याच जागी, दुसरी बाटली भरा. मातीचा थर दिसला तर त्या दिवसापासून पाणी उतरवायला सुरुवात करा, इंजिनिअर यायची वाट पाहू नका. बाटल्यांवर तारीख घालायला विसरू नका, आणि त्या तारखा बाबांच्या त्या वहीतच, शेवटच्या नोंदीच्या खाली लिहा.